मदत हवी आहे : मोनोवायची 2020ची लोकसंख्या 1 लिहू की 2?

मराठी विकिपीडियासाठी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय गावावर लेख लिहिते आहे. 1902 साली रेल्वेमुळे वसलेलं हे माळरानावरचं गाव. 1930च्या दशकात इथे दीडशेच्या आसपास लोक होते. पुढे तरुण मंडळी शहरांकडे गेली, 1974ला शाळाही बंद झाली. जनगणनेत 1990ला 6, 2000ला 2. 2004 साली त्या दोघांपैकी रूडी आयलर वारले आणि पत्नी एल्सी एकट्या उरल्या. महापौर त्याच, कारकून त्याच, गावची खानावळ चालवणाऱ्याही त्याच. दारूच्या परवान्यावर सहीसुद्धा त्यांचीच. 2010चा 1 बरोबर जुळतो.

अडचण 2020ची आहे. जनगणनेत 2 दिसतात, प्रत्यक्षात एल्सी एकट्याच होत्या. कारण मला कळलंय: कुणाची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार करतात, राज्याची एकूण बेरीज तेवढी जशीच्या तशी ठेवतात. म्हणून ‘चूक आहे, दुरुस्त करा’ एवढं उत्तर पुरणार नाही. बातम्यांचे दुवे माझ्याकडे आहेत.

तर, तक्त्यात अधिकृत 2 ठेवून तळटीप द्यावी की 1च लिहावं? आणि 1950च्या जनगणनेचे हाताने भरलेले तक्ते आता सर्वांना खुले आहेत. त्यांत एवढ्याशा गावाची पानं शोधायला गणना-विभागाचा (एका गणकाला नेमून दिलेल्या भागाचा) क्रमांक कुठे मिळेल?