जानेवारीत पास झालेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात का दगा देतं?

नौपाडा_एडिटर
लग्नाचे व्हिडिओ एडिट करून माझं घर चालतं. नौपाड्यात घरातच दहा बाय दहाच्या खोलीत मशीन आहे. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स, वर बऱ्यापैकी मोठा टॉवर कूलर. जानेवारीत हौसेने ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने (क्लॉकने) पळवला: सहाही कोअर, म्हणजे हिशोब करणारे सहाही भाग, ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक केले, व्होल्टेज १.३५. तासभर ओसीसीटी हे ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. तापमान ८१च्या वर गेलं नाही, एकही एरर नाही. चार महिने काही तक्रार नव्हती.

मे महिन्यात एका लग्नाचं फायनल एक्स्पोर्ट रात्री लावून झोपलो. खोलीत ३४ अंश, डासांमुळे खिडकी बंद. सकाळी फाइल तयार होती, घाईत न बघताच पेन ड्राइव्हवर टाकून दिली. संध्याकाळी नवरीच्या वडिलांचा फोन आला. हळदीच्या सीनमध्ये आजी नवरीच्या गालाला हळद लावतेय आणि नेमका तिच्या तोंडावरून हिरवा पट्टा सरकतोय. टाइमलाइनवर तो पट्टा कुठेच नव्हता. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, पिवळ्या नोंदींची रांग, सगळ्या पहाटे दोन ते चारमधल्या.

आणि या सगळ्यातून मिळालं काय होतं? ४० मिनिटांचं एक्स्पोर्ट ३८ मिनिटांवर आलं होतं, बस. मशीन बंद पडलं असतं तर मी पुन्हा एक्स्पोर्ट लावलं असतं. चुकीचा हिशोब करून ते गप्प राहिलं, हे मला जास्त लागलं. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने ठाण्यासारख्या हवेत ओव्हरक्लॉकच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

नेरूळकर_के
दादा, तुमचा त्रास समजतो, पण निष्कर्षाशी असहमत. ओव्हरक्लॉक नाही, तुमची टेस्ट कच्ची होती. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांमधलं अंतर आटोक्यात ठेवतो. जानेवारीच्या रात्री खोली २४ होती असं धरू, म्हणजे लोडवर अंतर ५७ अंश. तेच अंतर ३४वर ठेवा, ९१ होतात. जानेवारीच्या तासाभराने ९१ अंशांवरची परीक्षा घेतलीच नव्हती. तापमान वाढलं की त्याच क्लॉकला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, आणि गळणारा करंटही वाढतो, त्याने आणखी उष्णता. जी सेटिंग जानेवारीत जेमतेम काठावर उभी होती ती मे महिन्यात घसरणारच.

माझी पद्धत सांगतो. सेटिंग मे महिन्यात दुपारी तीन वाजता ठरवायची. दार-खिडकी बंद, छताचा पंखा बंद, कॅबिनेटचं झाकण लावलेलं. त्यात जे टिकेल त्यातून आणखी १०० मेगाहर्ट्झ कमी करायचे आणि मग वर्षभर हात लावायचा नाही. २०११मध्ये घेतलेला इंटेलचा २६००के मी असाच ४.४वर चालवला, मूळ ३.४चा. घरात कॉलेजला जाणारी दोन मुलं होती, सगळ्यांनी वापरला, अकरा वर्षं. नवं मशीन घ्यायला पैसे नव्हते त्या काळात मला त्या एका गिगाहर्ट्झने तारलं. त्यामुळे 'वाटेला जाऊ नये' हे पटत नाही.

नौपाडा_एडिटर
नेरूळकर, टेस्टबद्दलचं मान्य. ते माझं चुकलंच. पण २६००केचा जमाना वेगळा होता हो. त्याआधी १९९८च्या सेलेरॉन ३००एचं तर विचारूच नका, बस, म्हणजे बोर्डकडून प्रोसेसरला मिळणारा मूळ ठोका, ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५०वर. तेव्हा कंपन्या बरीच ताकद शिल्लक ठेवून विकायच्या. आता बूस्टच्या, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाखाली ती सगळी त्यांनीच वापरलेली असते. माझा ५६००एक्स डब्यातूनच एका कोअरवर ४.६पर्यंत जातो. म्हणजे मी १.३५ व्होल्ट देऊन एका कोअरला नवीन काहीच दिलं नाही, फक्त सहाही कोअर तिथे नेऊन बसवले आणि कंपनीची ७६ वॅटची मर्यादा उडवली.

उष्णतेचा हिशोबही मांडतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. लोडवर आधी १.२ व्होल्ट आणि ४.२ गिगाहर्ट्झ होतं असं धरा. १.३५चा वर्ग भागिले १.२चा वर्ग म्हणजे १.२७, त्याला क्लॉकच्या वाढीने गुणा, १.३९च्या आसपास येतं. वेग दहा टक्क्यांच्या आत, उष्णता जवळपास ४० टक्के जास्त. ती सगळी माझ्याच दहा बाय दहामध्ये सोडायची आणि मग एसी लावून तीच बाहेर काढायची, असं दोनदा बिल भरायचं.

नेरूळकर_के
हिशोब बरोबर आहे. पण मग कंपनीच्या सेटिंगवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा का? इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं आठवा. लोकांनी काही न छेडताच प्रोसेसर कोसळत होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, २०२४मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, दुरुस्त करावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्याला व्होल्टेज बघता येतं, एचडब्ल्यूइन्फो (तापमान-व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येतं, त्याला अशी गडबड लवकर कळते. हे शिकायला मी ओव्हरक्लॉकिंगमुळेच शिकलो. लोकांना घाबरवून या विद्येपासून लांब ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

वाशी_दुरुस्तीवाला
मी वाशीत मशीन दुरुस्त करतो. तुम्ही दोघं व्होल्टेजवर भांडताय, पण माझ्या टेबलावर येतं ते वेगळंच. 'प्रोसेसर तापतो' म्हणून आलेलं बहुतेक मशीन ओव्हरक्लॉक केलेलं नसतंच. परवा घोडबंदर रोडवरून एक आलं. मेट्रो आणि टॉवरच्या कामांची बारीक धूळ, त्यात आपली दमट हवा, आणि कॅबिनेट देव्हाऱ्याला लागून ठेवलेलं. अगरबत्तीच्या धुराने धूळ चिकट होऊन कूलरच्या पात्यांमध्ये घोंगडीसारखा थर बसला होता. ब्लोअरने निघेना, पंखा काढून ब्रशने खरवडला. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सुकून तिचे पापुद्रे झाले होते. साफ करून नवी पेस्ट लावली, लोडवर १९ अंश उतरले. बायॉसला, म्हणजे बोर्डच्या सेटिंगला, हातही लावला नाही.

आणखी एक. गिऱ्हाइकं विचारतात, एसीच्या खोलीत लिक्विड कूलर लावला तर आत पाणी धरेल का? नाही धरणार. साधा रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, मग दव कुठून येणार? ती भीती बर्फ किंवा चिलर लावणाऱ्यांनी बाळगावी.

ऐरोली_सानिका
मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ५६०० (एक्स नाही), बी४५० बोर्ड, डब्यातलाच छोटा कूलर. बाबांनी कष्टाने घेऊन दिलंय, त्यामुळे जाळून चालणार नाही. तुमचं सगळं वाचून वाढवायच्या ऐवजी कमी करून बघावं असं वाटतंय. कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे १५ आणि वॅटची मर्यादा ७६वरून ६५. हे सुरक्षित आहे का? वॉरंटीचं काय?

नौपाडा_एडिटर
सानिका, हेच मी आता करतोय आणि हेच मी सगळ्यांना सांगेन. क्लॉक जवळपास तेवढाच राहतो, कूलरवरचा ताण उतरतो. वॉरंटीच्या अटी मात्र पीबीओलाही (एएमडीची स्वतःची ओव्हरक्लॉकची सोय) लागू होतात, कर्व्ह ऑप्टिमायझर त्यातलाच. बोर्डच्या आणि प्रोसेसरच्या अटी वाचूनच हात लाव. वॅटची मर्यादा कमी करण्यात प्रोसेसरला धोका नाही.

नेरूळकर_के
इथे मी दादांना अडवतो, कारण व्होल्टेज कमी करण्याला लोक फुकटची सुरक्षितता समजतात. तीही काठावर जाण्याचीच गोष्ट आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. उणे कर्व्ह भरलोडवर मस्त चालतो आणि मशीन रिकामं असताना, यूट्यूब नुसतं पॉज करून ठेवलं असताना रीस्टार्ट होतं, कारण एकटा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या क्लॉकवर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. सानिका, उणे १५ एकदम नको. उणे ५ने सुरू कर, दर वेळी एक दिवस वापर. मोठी फाइल झिप करून पुन्हा उघड, चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळतो का बघ. दादांचा हिरवा पट्टा तसाच सापडला असता.

नौपाडा_एडिटर
हो, सापडला असता. ते एक्स्पोर्ट मी मूळ सेटिंगवर पुन्हा केलं आणि या वेळी सगळे दोन तास बसून पाहिलं. पेन ड्राइव्ह स्वतः कळव्याला नेऊन दिला. आजी शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी तो सीन दोनदा लावायला सांगितला. यापुढे कामाच्या मशीनला वरच्या बाजूने हात नाही. नेरूळकरांनी मे महिन्यातली टेस्ट जरूर शिकवावी, पण ज्यांच्याकडे दुसरं मशीन आहे त्यांनाच.

नेरूळकर_के
दुसरं मशीन नव्हतं म्हणूनच मी शिकलो, दादा. यावर आपलं जुळणार नाही.

ऐरोली_सानिका
चार दिवसांनी लिहितेय. उणे १०वर थांबले, मर्यादा ६५ वॅट. दुपारी अडीच, खोली ३३, खिडकी बंद, पंखा बंद: आधी ८९, आता ७८. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टचा स्कोअर किंचित खाली, प्रोजेक्ट कंपाइल व्हायला आधीइतकाच वेळ. झिप तीनदा केली, चेकसम जुळला. डब्ल्यूएचईएची नोंद नाही.

नेरूळकर_के
छान. रात्रभर रिकामं ठेवून पाहिलंस का?

ऐरोली_सानिका
आज ठेवते.