प्रतिसाद: सपाट गावातून कळसूबाईची तयारी

मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला कळसूबाईला मुक्कामी न्यायचंय, पण सोलापुरात सरावाला चढ आणायचा कुठून, असं वर विचारलंय. चढ नाही, जिने आहेत की! भरलेली सॅक पाठीवर घेऊन चार मजले वर-खाली, ऊन तापायच्या आत. उतरताना घाई नको, गुडघे बोलतात ते उतारावरच. सिद्धेश्वर तलावाभोवती चालून दम वाढेल, मांड्या तयार व्हायच्या नाहीत.

एका ताईंनी प्रत्येकाने घरची चादर आणावी असं सुचवलंय. सोलापुरी चादर असेल तर माफ करा, दवात भिजली की ती उचलवणार नाही. स्लीपिंग बॅगा भाड्याने घ्या. सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. ४५ किलोच्या पोराला ९ किलो, त्यात ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो तिथेच गेले.

खाण्याचं आपल्याकडे सोपं: कडक भाकरी नि शेंगा चटणी. ना चूल, ना नासायची भीती. फक्त भाकरी डब्यात ठेवा, नाहीतर वर पोचेपर्यंत चुरा.

शिखर १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या. तिथे एका वेळी एकच जण.

रविवारची उपासना शिखरावर घेऊ नका. वर जागा बेताची, वारा सुटलेला, शिवाय देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी. तंबूंपाशी निवांत गाता येईल. गिटार न्यायचीच असेल तर ती वाहणार कोण, ते आत्ताच ठरवा.