संगणकाच्या केसचे लेझर आणि सीएनसी आराखडे इतरांना देताना सोबत काय काय द्यावे?

सातपूरचा_हौशी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मिनी-आयटीएक्स (१७० मिमी चौरस) मदरबोर्डसाठी मी स्वतः आखलेली एक लहान केस आता पूर्ण झाली आहे. तिचे दोन्ही बाजूंचे पडदे ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचे असून ते लेझरवर कापले आहेत. आतला ट्रे आणि मागची भिंत मिळून १.६ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा, चार घड्यांचा एकच तुकडा आहे. समोरची चौकट मात्र ८ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने फिरत्या कटरने कोरणाऱ्या यंत्रावर) काढून घेतली. वीजपुरवठा एसएफएक्स या लहान प्रमाणित मापाचा, म्हणजे १२५ × ६३.५ × १०० मिमीचा आहे आणि वरच्या बाजूला १२० मिमीचा एक पंखा बसतो.

तीन-चार ओळखीच्या लोकांनी फायली मागितल्या आहेत आणि त्या सर्वांसाठी खुल्या कराव्यात असे माझ्याही मनात आहे. मात्र माझ्याकडच्या फायली माझ्या नेहमीच्या कारखान्याच्या सवयींप्रमाणे तयार झालेल्या आहेत. काही गोष्टी मी तिथे तोंडी सांगितल्या, काही त्यांनीच परस्पर सुधारल्या आणि त्या फायलीत कधी आल्याच नाहीत. दुसऱ्या गावात दुसऱ्या यंत्रावर हीच केस नीट जुळावी, यासाठी फायली कोणत्या स्वरूपात द्याव्यात आणि सोबत काय लिहावे? दुसरी शंका परवान्याची आहे. कोणी या केस बनवून विकू लागले तर माझी हरकत नाही, पण त्याने केलेल्या सुधारणाही खुल्या राहाव्यात अशी माझी इच्छा आहे.

---

पत्रेकाम_भोसरी

मी एका जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यात लेझर आणि प्रेस ब्रेकचे (पत्रा वाकवणाऱ्या यंत्राचे) प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळे अशा फायली रोज हाताखालून जातात. सपाट भागांसाठी डीएक्सएफ (रेषांच्या आराखड्याची फाइल) द्या, कारण लहानातल्या लहान कारखान्यातही ती उघडते. मात्र तिच्या जुन्या आर१२ स्वरूपात एककाची नोंदच नसते, म्हणून फायलीच्या नावातच ‘मिमी’ आणि पत्र्याची जाडी लिहा. प्रत्येक फायलीत वेगळ्या लेयरवर १०० मिमीचा एक चौकोनही ठेवा. ऑपरेटर तो मोजून पाहतो आणि मगच पुढे जातो.

आकार बंद असावेत आणि एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढून टाकलेल्या असाव्यात. दुहेरी रेष संगणकाच्या स्क्रीनवर दिसत नाही, पण यंत्र त्या जागी दोनदा फिरते आणि कड जळते. कापायच्या, कोरायच्या आणि घडीच्या रेषा वेगवेगळ्या लेयरवर असाव्यात, आणि अक्षरे असतील तर ती बाह्यरेषेत रूपांतरित केलेली असावीत. आराखड्यातली मापे अंतिम वस्तूची आहेत की किरणाच्या रुंदीची (कापताना जळून जाणाऱ्या भागाची) वजावट आधीच केलेली आहे, हेही स्पष्ट लिहा, कारण ती वजावट आम्ही इथे करतोच आणि दोन्हीकडून झाली तर खाचा घट्ट होऊन बसतात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, घडीच्या तुकड्याचा. तुम्ही केवळ उलगडलेला सपाट आकार दिलात, तर तुमच्या कारखान्याची डाय आणि पंच (पत्रा वाकवताना खाली आणि वर वापरायचे साचे) त्यात कायमचे बांधले जातात. पत्रा वाकताना किती ताणला जाईल हे आतल्या त्रिज्येवर, डायच्या रुंदीवर आणि पत्र्याच्या प्रतीवर अवलंबून असते, त्यामुळे आमच्याकडे तोच सपाट तुकडा चार घड्यांनंतर सहज मिलिमीटरभर कमी-जास्त भरेल. मदरबोर्डच्या मागच्या जोडण्यांची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमीची असते आणि तिथे एवढी चूक खपत नाही. म्हणून घड्या घातलेल्या भागाची स्टेप (त्रिमितीय आराखड्याची) फाइल द्याच. सपाट आकार सोबत असू द्या, पण ‘हा केवळ नमुना आहे, आपल्या यंत्राप्रमाणे पुन्हा उलगडून घ्या’ असे त्यावर लिहा.

पत्र्याची जाडी गेजमध्ये (जाडीच्या क्रमांकात) लिहू नका. आपल्याकडे १६ गेज म्हटले की १.६ मिमी समजतात, परंतु अमेरिकी पद्धतीत पोलादाचा १६ गेज पत्रा १.५ मिमीच्या आसपास असतो. धातूची प्रतही लिहा. ५०५२ प्रतीचे अ‍ॅल्युमिनियम निमूटपणे वाकते, पण ६०६१-टी६ प्रतीचे त्याच त्रिज्येत वाकवले तर घडीच्या बाहेरच्या अंगाला तडे जातात आणि मग दोष आराखड्याला दिला जातो.

सीएनसीच्या चौकटीसाठीही स्टेपच द्या. आतले कोपरे धारदार काढू नका. ६ मिमीचे कटर आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्या सोडणारच, तेव्हा चौकोनी भाग जिथे आत बसवायचा आहे तिथे कोपऱ्यात गोल सुटका (थोडी जास्तीची पोकळी) आखून ठेवलेली बरी.

---

रंकाळा_काठ

वरच्या प्रतिसादात मी अनुभवाने शिकलेल्या दोन गोष्टींची भर घालतो.

मी एकदा कोणीतरी खुल्या केलेल्या एसव्हीजी (रेषाचित्राच्या) फायलीवरून अ‍ॅक्रिलिकची केस कापून घेतली. भाग सुंदर निघाले, एकमेकांत बसलेही, पण मदरबोर्ड टेबलावर शेजारी ठेवला तेव्हा १७० मिमीचा बोर्ड आणि जेमतेम १५९ मिमीची जागा अशी स्थिती होती. अशा फायली बनवणाऱ्या इंकस्केप प्रोग्रॅमच्या ०.९२ आवृत्तीपूर्वी एका इंचात ९० बिंदू धरले जात आणि २०१७ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून ९६ धरले जाऊ लागले. जुनी फाइल नव्या हिशेबाने उघडल्यामुळे सगळी मापे सव्वासहा टक्क्यांनी आकसली होती. इंच आणि मिमीची गफलत झाली तर १७० मिमीचा भाग ४ मीटरच्या वर जातो आणि ती चूक शाळकरी मुलालाही दिसते. ही सहा टक्क्यांची चूक मात्र कापून होईपर्यंत माझ्या किंवा ऑपरेटरच्या लक्षात आली नाही आणि अ‍ॅक्रिलिकचे पैसे मलाच भरावे लागले. त्या फायलीत भोसरीच्या मित्रांनी सुचवलेला १०० मिमीचा चौकोन असता तर तो ९३.७५ मिमी भरला असता आणि मी वेळीच थांबलो असतो.

दुसरी गोष्ट अ‍ॅक्रिलिकच्या जाडीची. ३ मिमी म्हणून घेतलेला पत्रा व्हर्नियर लावला की कधी २.७ तर कधी ३.२ मिमी भरतो, आणि कास्ट (साच्यात ओतून बनवलेल्या) अ‍ॅक्रिलिकमध्ये तर एकाच पत्र्याच्या दोन टोकांनाही फरक सापडतो. म्हणून खाचांची रुंदी ठरावीक आकड्याने आखू नका. जाडी हे एक बदलता येणारे माप ठेवून त्यावरून खाचा आपोआप बदलतील अशी मूळ फाइल द्या, मग ती फ्रीकॅड या आराखड्याच्या प्रोग्रॅमची असो की अन्य कशाची. सोबत एक चाचणीपट्टीही ठेवा, जिच्यावर २.७ ते ३.३ मिमीपर्यंत ०.१ च्या फरकाने सात खाचा असतील. माझ्या पट्टीवर २.९ ची खाच अंगठ्याच्या दाबाने बसते आणि उलटी धरली तरी सुटत नाही, मग मी तेच माप धरून पुढचे सगळे कापतो.

सूचनापत्रात एक इशारा आवर्जून लिहा. लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कडेत ताण उरतो आणि ती स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तर केसासारख्या बारीक भेगा आतवर पसरतात. साबणाचे कोमट पाणी पुरेसे असते. त्याचप्रमाणे अ‍ॅक्रिलिकऐवजी कोणी पीव्हीसी वापरू नये, कारण लेझरखाली त्यातून निघणारा आम्लवायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो.

---

कागदपत्रे_नीट

परवान्याविषयी लिहितो. तुमच्या इच्छेला सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या ओपन हार्डवेअर परवान्याची दुसरी आवृत्ती जवळची आहे. २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी ‘एस’ प्रकारात विक्रीची मुभा असते, पण बदललेल्या वस्तूचे मूळ आराखडेही त्याच अटींवर द्यावे लागतात. ‘डब्ल्यू’ प्रकारात ही अट सौम्य होते आणि ‘पी’ मध्ये ती राहतच नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना सूचनापत्राला आणि छायाचित्रांना योग्य आहे, वस्तूच्या आराखड्याला मात्र तो अपुरा पडतो.

भारतीय कायद्याची मर्यादाही लक्षात असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगे पण न नोंदवलेले रूप औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा वस्तूवर उतरवले गेले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मग तो उत्पादक तुम्ही असा किंवा तुमच्या परवान्याने काम करणारा दुसरा कोणी. २००० च्या डिझाइन कायद्याखाली १० वर्षांचे आणि पुढे वाढवून आणखी ५ वर्षांचे संरक्षण मिळते, पण ते केवळ बाह्य रूपाला मिळते, यांत्रिक रचनेला नाही. शिवाय अर्जापूर्वी ते रूप प्रसिद्ध झालेले असू नये. म्हणजे फायली एकदा खुल्या केल्या की ती वाट बहुधा बंदच होते, हे समजून उमजूनच पाऊल टाका.

---

सातपूरचा_हौशी

सर्वांचे मनापासून आभार. नोंदणी मला करायचीच नव्हती, त्यामुळे सर्न परवान्याचा ‘एस’ प्रकार निश्चित केला आहे.

काल सगळ्या फायली पुन्हा तपासल्या. ट्रेच्या डीएक्सएफमध्ये तीन ठिकाणी दुहेरी रेषा सापडल्या. मदरबोर्डच्या चार छिद्रांपैकी एक २२.८६ मिमी आत असते हे फायलीत बरोबर होते, पण त्या छिद्रांना पाडायचे एम३ (३ मिमी स्क्रूचे) आटे कुठेच नोंदलेले नव्हते. तिथे २.५ मिमी ड्रिल वापरून नंतर टॅप मारायचा, हे मी कारखान्यात तोंडीच सांगितले होते. पावडर कोटिंगबद्दलही तसेच झाले होते. स्टँडऑफखाली (मदरबोर्ड ज्यावर टेकतो त्या लहान खुंट्यांखाली) आणि वीजपुरवठ्याचा धातूचा खोका जिथे पत्र्याला टेकतो तिथे कोटिंग नको, कारण पत्र्याचे अर्थिंग त्याच स्पर्शातून होते. माझ्या केसमध्ये त्या जागी चिकटपट्टी मी स्वतः लावली होती, म्हणून ती नोंद कुठे उतरलीच नाही. आता झाकायच्या जागांसाठी वेगळा लेयर केला आहे.

चाचणीपट्टी, स्टेप फायली आणि मराठी सूचनापत्र तयार होत आहे. रंकाळा_काठ, तुमची तयारी असेल तर पहिला संच तुमच्याकडे पाठवतो. माझ्याशी एक शब्दही न बोलता, केवळ फायलींवरून तुमच्याकडच्या कारखान्यात ट्रे वाकवून पाहावा आणि मागची खिडकी किती भरते तेवढे मोजून कळवावे, अशी विनंती आहे. पत्र्याचा आणि मजुरीचा खर्च माझा.