वावडं, पित्त, ॲलर्जी : कुठं कोणता शब्द?

सेलूकर : सोयाबीनच्या मळणीवर उभं राहिलं की आमच्या धाकट्याच्या अंगावर गांधी उठतात, नाक गळतं, धाप लागते. आई म्हणते पित्त उठलं, आमसुलाचं पाणी लावा. चुलते म्हणतात भुसकटाचं वावडंय त्याला. मेडिकलवाला म्हणतो ॲलर्जी. रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, 'जंताची गोळी कधी घेतली होती?' धूळ गेली नाकात अन् हे पोटात जंत कामून शोधायलेत? हे तिन्ही शब्द एकच का? आणि 'प्रतिकारशक्ती कमी झालीय' असं जो तो म्हणायलाय, ते खरं का?

मांजराकाठ : एकच नाहीत. वावडं फार ऐसपैस आहे. दूध पिल्यावर पोट गुडगुडतं तेही वावडं, वांग्यानं खाज सुटते तेही वावडं. दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडलं म्हणून पोट बिघडत असेल तर त्याला ॲलर्जी म्हणता येत नाही, वावडं मात्र खुशाल म्हणा. पित्ताचं तर यकृतातल्या पित्ताशी काही देणंघेणं नाही. अशा गांधींना वैद्य 'शीतपित्त' म्हणतात, त्यातलं नुसतं पित्त आपल्याकडं राहिलं. मला विचाराल तर सगळ्यांत नेमका शब्द तुम्ही सहज लिहून गेलात तो, गांधी. मधे फिकट, कडेला लाल, काही तासांत विरणारी.

लॅबवाली : सेलूकर दादा, डॉक्टरांनी बरोबरच विचारलं. रक्ताची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की इओसिनोफिल लगेच ओळखू येते. केंद्रकाच्या दोन पाकळ्या आणि पेशीभर शेंदरी-लाल दाणे ठासलेले. एका मायक्रोलिटर रक्तात त्या पाचशेच्या वर गेल्या की आपल्या भागात दोन गोष्टी आधी डोक्यात येतात, ॲलर्जी आणि जंत. कारण शरीर दोघांवर एकच हत्यार काढतं.

जिवाणू असेल तर पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. वीतभर लांबीचा जंत गिळणार कसा? म्हणून डाव वेगळा : त्याला तिथं टिकूच द्यायचं नाही. इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ हे पेशींनी एकमेकींना धाडायचे रासायनिक निरोप सुटतात. चौथ्याच्या सांगण्यावरून आयजीई नावाची प्रतिपिंडं (ठरावीक परक्या वस्तूला चिकटणारी प्रथिनं) बनतात, पाचवा इओसिनोफिलांची फौज वाढवतो, तेराव्यामुळं आतड्यात चिकट स्राव सुटतो आणि स्नायू आवळून जंताला पुढं ढकलतात.

आता धाकट्याचं बघा. सोयाबीनच्या टरफलातल्या प्रथिनांवर त्याच्या शरीरानं तीच आयजीई बनवली असणार. पहिल्या मळणीला काहीच जाणवत नाही. ती प्रतिपिंडं कातडीतल्या, नाकातल्या, श्वासनळीतल्या मास्ट पेशींवर, म्हणजे तिथं पहारा देणाऱ्या पेशींवर, जाऊन बसतात. पुढच्या वेळी धूळ आली की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ओतते. कातडीत गांधी, नाकात पाणी, श्वासनळी आवळली की धाप. बाहेर काढायला जंत कुठंच नाही, तरी काढायची खटपट चाललेली! तेव्हा 'प्रतिकारशक्ती कमी झाली' हे साफ चूक. ती भलत्याच वस्तूवर चालून गेलीय. अन् ती वाढवायचे काढे कशाला पाजायचे, हे मला तरी कळत नाही.

आयजीई इशिझाका पती-पत्नींनी १९६६ च्या सुमारास शोधली. ॲलर्जी हा शब्द त्याहून जुना, १९०६ मधला, फॉन पिर्के या डॉक्टरांचा. आणि सोयाबीनची धूळ ही काही आपलीच कथा नव्हे. १९८१ ते १९८७ या काळात बार्सिलोनात मधूनच एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांची रीघ लागायची. छडा लागला तेव्हा कळलं, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलेलं असायचं. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवली, साथ थांबली.

बारवकाठचे नाना : आमच्या लहानपणी नारू होता, कातडीतून बाहेर येणारा लांब जंत. बारवेत उतरून पाणी भरायचो, त्यातूनच यायचा. फोड येण्याच्या आधी अंगभर गांधी उठायच्या, खाज सुटायची, मळमळायचं. जाणती माणसं म्हणायची, 'पित्त नाही हे, नारू येतोय.' मग तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मधेच तुटला तर पाय असा सुजायचा की आठवडेच्या आठवडे खाटेवर.

लॅबवाली : नाना, त्या गांधी म्हणजे ॲलर्जीच, फक्त समोर खरा जंत होता. तुटल्यावरची सूजही शरीराच्याच प्रतिक्रियेची. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

गेवराईचा : मग पोटात जंत असले तर हत्यार तिकडं गुंतेल अन् ॲलर्जी होणार नाही. गोळी घ्यावीच कशाला?

लॅबवाली : भाऊ, अर्ध्यावर थांबू नका. जंत मुक्काम करायचा म्हणून आपली प्रतिकारयंत्रणा शांत करतात, हे खरं. त्यावरून इंग्लंडमध्ये दमेकऱ्यांना मुद्दाम अंकुशकृमी हे आतड्यातले जंत देऊन पाहिले, म्हणावा असा फरक पडला नाही. उलट गोल जंताची पिल्लं फुप्फुसातून जाताना स्वतःच खोकला अन् घरघर लावतात. अंकुशकृमी रक्त पितो ते वेगळंच. १० फेब्रुवारीला शाळेत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात, ती पोरांना घेऊ द्या.

मांजराकाठ : गाजर गवतानं हात चिघळतात, ती पण ॲलर्जीच ना?

लॅबवाली : ॲलर्जीच, पण वेगळ्या जातीची. ती टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची, एक-दोन दिवसांनी उमटते. तिथं आयजीई मुख्य नाही, म्हणून 'गांधी' म्हणू नका.

सेलूकर : मग डॉक्टरांना काय सांगू?

मांजराकाठ : घरात पित्त म्हणा, वावडं म्हणा, कोणी अडवत नाही. डॉक्टरांपुढं नाव ठेवायच्या भानगडीत पडू नका. 'सोयाबीनच्या धुळीत गेला की इतक्या मिनिटांत गांधी उठतात, धाप लागते' एवढं सांगा.

लॅबवाली : आणि आमसूल गांधींवर लावा हवं तर. धाप लागली की आमसूल बाजूला ठेवून थेट दवाखाना.