हिमवादळाचे जुने नकाशे आणि बर्फाचे आकडे
मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी न्यूयॉर्कच्या १८८८च्या हिमवादळाची खात्रीलायक माहिती कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. 'गूगल करा' असा सल्ला कुणीही देईल, पण तिथे एकाच वादळातल्या बर्फाचे चार वेगवेगळे आकडे हाती लागतात! त्यापेक्षा नोआच्या (NOAA, अमेरिकेची हवामान आणि समुद्र यांवर काम करणारी सरकारी संस्था) ग्रंथालयाने स्कॅन केलेले रोजचे हवामान नकाशे उघडा. १८७१पासूनचे आहेत, तेही फुकट. १२ मार्चच्या आसपासचे नकाशे ओळीने लावले, की किनाऱ्यालगतचं कमी दाबाचं केंद्र तिलाही ओळखता येईल. वर्तमानपत्रांसाठी जवळच्या पब्लिक लायब्ररीतल्या रेफरन्स डेस्कवर विचारा. बऱ्याच ठिकाणी लायब्ररी कार्डावर जुने अंक घरबसल्या वाचता येतात.

आता आकड्यांचं. हल्ली पडणारा बर्फ पांढऱ्या फळीवर मोजतात आणि फळी ६ तासांत जास्तीत जास्त एकदाच साफ करतात. दर तासाला साफ केली तर बेरीज फुगते, कारण साचलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने दबत जातो. शिवाय हवामानाच्या नोंदींत 'पडलेला' आणि 'जमिनीवर साचलेला' हे रकाने निराळे. बातम्यांत त्यांची सर्रास खिचडी होते. कुठला आकडा कुठल्या रकान्यातला, हे तिला आधी तपासायला लावा.