मदत हवी आहे: रिसीव्हर मुलाचं वाढलेलं वजन आणि माइक विल्यम्सचं उदाहरण

नमस्कार मंडळी,

आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर आहे. (इथला फुटबॉल. क्वार्टरबॅक लांबून फेकतो तो चेंडू पळत जाऊन झेलायचा, हे रिसीव्हरचं काम.) मार्चमध्ये त्याचा घोटा मोडला. प्लास्टर, मग सक्तीची विश्रांती, त्यात आजी भारतातून आलेली. वजन चांगलंच वाढलं. आता डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली आहे. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि कोचने एवढंच सांगितलंय, ‘शेपमध्ये ये.’ चिरंजीवांनी त्याचा अर्थ स्वतःच लावला: दुपारचं जेवण बंद आणि गॅरेजमध्ये प्लास्टिकचा घामाचा सूट घालून दोरीच्या उड्या.

माझं ऐकत नाही. सीहॉक्सच्या (सिअ‍ॅटलचा व्यावसायिक संघ) खेळाडूंचं मात्र ऐकतो, म्हणून त्याला माइक विल्यम्सची गोष्ट सांगायचं मनात आहे. गूगल करणार असाल तर जपून. या नावाचे तीन रिसीव्हर आहेत, आणि त्यातले दोघे २०१० साली एकाच वेळी व्यावसायिक लीगमध्ये गाजत होते. टँपा बे संघाचा वेगळा, चार्जर्सचा वेगळा. मी म्हणतेय तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूएससीचा.

सहा फूट पाच इंच उंच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, २००३ मध्ये, ९५ झेल आणि १६ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण). कोच पीट कॅरल. पुढच्या वर्षी तो व्यावसायिक ड्राफ्टला (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तिथे) निघाला, तर कोर्टाच्या निकालांच्या उलटसुलटीत ते दार बंद झालं आणि एनसीएएने (कॉलेज खेळांची संघटना) कॉलेजलाही परत खेळू दिलं नाही. अख्खा हंगाम घरी. २००५ मध्ये डेट्रॉइट लायन्सने दहाव्या क्रमांकावर घेतला. पहिल्या वर्षी २९ झेल, दुसऱ्या वर्षी ८. मग ओकलंड, मग टेनेसी. २००८ आणि २००९ हे दोन हंगाम तो कुठेच नव्हता. वजन २७० पौंडांच्या आसपास गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं, म्हणजे १२० किलोच्या वर.

एप्रिल २०१० मध्ये कॅरल नुकतेच सिअ‍ॅटलला आले होते. त्यांनी विल्यम्सला चाचणीला बोलावलं. तो साधारण २३५ पौंडांवर येऊन उभा राहिला, संघात शिरला आणि त्या हंगामात ६५ झेल, ७५१ यार्ड करून गेला. शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात १० झेल! जानेवारी २०११ मध्ये सीहॉक्सनी न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सला हरवलं, त्या सामन्यातला त्याचा ३८ यार्डांचा टचडाउन मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. (सगळ्यांना त्या सामन्यातली मार्शॉन लिंचची धाव आठवते, ते ठीकच आहे.)

नवरा म्हणतो, हा शुद्ध वशिला. जुन्या कोचने जुन्या पोराला घेतलं. मला पटत नाही. ओकलंडला २००७ मध्ये कोच होता लेन किफिन आणि टेनेसीत आक्रमणाचा सूत्रधार नॉर्म चाऊ. दोघेही यूएससीतले, त्याला आतून-बाहेरून ओळखणारे. तिथे ओळख का नाही कामी आली? कॅरलनी दार उघडलं हे खरं, पण २००७ चा विल्यम्स त्याच दारातून आत गेला नसता. शिवाय २३५ हे काही रिसीव्हरसाठी सडपातळ वजन नव्हे. बचावपटूला अंगाने मागे ठेवून, उंच हात करून चेंडू काढणं हाच त्याचा खेळ होता. तो बारीक झाला नाही, त्याच्या खेळाला लागतो तेवढा हलका झाला. मुलाच्या डोक्यात शिरायला हवं ते हेच.

तर विचारायचं आहे ते असं. प्लास्टिकच्या सूटबद्दल कुणी जाणकार ठामपणे सांगेल का? घोटा मोडल्यानंतर रिसीव्हरने सराव कुठून सुरू करावा? घरी अंडी आणि मासे चालतात, बाकी मांस नाही. डब्यात काय द्यावं? आणि ही गोष्ट त्याला सांगावी की नाही?

डेट्रॉइटकर
ताई, आमच्या गावात ते नाव काढू नका! २००३, २००४, २००५, तिन्ही वर्षं लायन्सनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला. विल्यम्स दहावा घेतला आणि अकराव्या क्रमांकावर डॅलसने डीमार्कस वेअर उचलला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. जखम अजून ओली आहे.
गोष्ट सांगाच, पण पूर्ण सांगा. २०११ मध्ये सीहॉक्सचा क्वार्टरबॅक हॅसलबेक गेला, नवा आला, विल्यम्सचे झेल १८ वर आले. डिसेंबरमध्ये पाय मोडला आणि २०१२ च्या जुलैत संघाने सोडला. पोरं हुशार असतात, अर्धी गोष्ट दोन मिनिटांत फोनवर पकडतात.

बारावा_माणूस
काट्याच्या नादी लागू नये यासाठी सीहॉक्सचंच दुसरं उदाहरण देतो. एडी लेसी, रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणारा. २०१७ च्या करारात ठरलेल्या वजनाच्या आत भरलं की पैसे, असे हप्ते होते. मे महिन्यात २५५ पौंडांच्या आत भरला आणि ५५,००० डॉलर मिळाले. इकडे ट्विटरवर पेढे वाटायचे बाकी होते. हंगामात काय केलं? ६९ वेळा चेंडू घेऊन पळाला आणि जेमतेम १७९ यार्ड.

फिजिओ_पुणे
सूट आजच बंद करा. त्यातून जातं ते पाणी, चरबी नाही. दोन ग्लास प्यायलं की काटा परत जागेवर. १९९७ मध्ये झटपट वजन उतरवताना अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर गेले, त्यानंतर एनसीएएने कुस्तीत असे सूट आणि सौना बंद केले. मुलगा फुटबॉलवाला आहे तर त्याला कोरी स्ट्रिंगरबद्दल वाचू द्या. मिनेसोटा व्हायकिंग्जचा खेळाडू, सराव शिबिरात उष्माघात झाला आणि १ ऑगस्ट २००१ ला गेला. ऑगस्टचा सराव कोरड्या शरीराने सुरू करणं म्हणजे खेळ नाही.

सरावाबद्दल: रिसीव्हरला पळण्यापेक्षा थांबणं जड जातं. पूर्ण वेगात जाऊन दोन-तीन पावलांत ब्रेक मारायचा आणि वळायचं. वाढलेलं वजन तिथे गुडघ्यावर, घोट्यावर आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर येतं. म्हणून आधी सरळ रेषेत, कमी वेगात. दुखलं-सुजलं नाही तर वेग वाढवा, वळणं त्यानंतर. त्याआधी एका पायावर लांब उडी दोन्ही बाजूंनी मोजा. दुखऱ्या पायाची उडी ठळक कमी भरत असेल तर वळणं थांबवा आणि फिजिओला परत दाखवा.

वाढत्या वयात उपाशी ठेवू नका. मोठ्यांनाही आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित वेग मानतात. मुलाचा आकडा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाने ठरवावा. दुपारचं जेवण परत सुरू. डब्यात उसळ-पोळी, उकडलेली अंडी, दही. सरावानंतर लगेच काहीतरी प्रथिनांचं. गोड पेयं आधी बंद करा, सर्वांत सोपा फरक तिथेच पडतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. डेट्रॉइटकर, शेवटासकट सांगितली. त्याचा पहिला प्रश्न, ‘मग २०१० चे ६५ झेल खोटे का?’ मला उत्तर द्यावंच लागलं नाही.
स्ट्रिंगरबद्दल स्वतःच वाचलं आणि सूट कचऱ्यात गेला. आज उड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची बरीच कमी भरते, तेव्हा फिजिओची वेळ पुन्हा घेतली आहे. कोचला इमेल करून विचारणार आहे की त्यांना काटा बघायचाय की रूट (रिसीव्हरचे ठरलेले मार्ग) पळणं. इथे कुणाची मुलं या वयात खेळली असतील तर सांगा, कोचला असं आईने विचारलेलं चालतं की मुलानेच विचारायचं असतं?
आणि आजीच्या चार वाजताच्या बेसनलाडवांवर कुणाकडे उपाय असेल तर तोही लिहा. मी त्यांची सून आहे, त्यामुळे मला त्या विषयात मत नाही.