मदत हवी आहे: माळकरी सासूबाईंना जपानी फूड हॉलमध्ये काय खायला घालू? (न्यू जर्सी)

मंडळी, जरा घाईत विचारतेय, कारण येत्या शनिवारीच जायचंय.

आम्ही एडिसनला राहतो. सासूसासरे वेंगुर्ल्याहून आलेत, सहा महिने आहेत. बाबा पक्के मासेखाऊ, नवीन काहीही समोर ठेवा, चव घेऊन बघणारच (मटण, चिकन चालतं, डुक्कर आणि बीफ नाही). आईंच्या गळ्यात मात्र वीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे, त्यामुळे मासे, मटण, अंडं काहीच नाही. पण खाण्याची आवड दोघांनाही सारखीच, आणि आईंना तर कुठला पदार्थ कुठल्या गावचा, कसा करतात, सगळं जाणून घ्यायचं असतं.

गेल्या महिन्यात आम्ही एका जपानी फूड हॉलमध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला मी दोनदा विचारलं की व्हेजिटेरियन आहे ना, ती हो म्हणाली, म्हणून आईंसाठी साधे उदोन (रश्शातल्या गव्हाच्या जाड नूडल्स) घेतले, वर फक्त कांद्याची पात. आईंना एवढे आवडले की वाडग्यातला सगळा रस्सा प्यायल्या आणि म्हणाल्या, घरी करूया गं हे. म्हणून मी तिथल्याच दुकानातून सूपची बाटली घेतली, आणि घरी येऊन लेबल वाचलं तर त्यात बोनिटो, म्हणजे सुकवलेला मासा. मग वाचत बसले तेव्हा कळलं की जपानी रस्सा ज्यावर उभा असतो ते दाशी बहुतेक वेळा माशाचंच असतं, आणि सानुकी उदोन ज्या कागावा भागातले तिथे तर सुक्या लहान माशांचं, इरिकोचं दाशी घालतात. त्या मुलीने मुद्दाम खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही, वाडग्यात मासा दिसत नाही म्हणजे व्हेज असं तिला वाटलं असेल. पण माझ्या हातून आईंची माळ मोडली हे मनातून जात नाहीये. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. टेबलावर एक मसाल्याची डबी होती, शिचिमी, बाबांनी चिमूटभर जिभेवर टाकली आणि एकदम ओरडले, "अगो, ह्या तिरफळ मा!" मी शोधलं तर त्यात सान्शो असतं आणि ते खरंच आपल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ खाऊन मोठा झालेला माणूस, बरोबर ओळखलं! तेव्हापासून ते रोज विचारतात की पुन्हा कधी जायचं.

तर आता एजवॉटरला, हडसनच्या काठावर मित्सुवा नावाचं जपानी सुपरमार्केट आहे तिथे जायचं ठरतंय. नवऱ्याला तिथल्या सान्तोका दुकानाचं रामेन (रश्शातल्या नूडल्स) खायचंय (आसाहिकावाचं, हॉक्काइडो), ते डुकराच्या हाडांच्या रश्शाचं त्यामुळे आईबाबा दोघांनाही नाही.

मला विचारायचंय ते असं की आईंना प्रांताप्रांतातलं काय काय बिनधास्त देता येईल? दाशीबद्दल काउंटरवर नेमकं काय आणि कसं विचारायचं? आणि झालेलं आईंना सांगू का?

---

प्रतिसाद १

मी नऊ वर्षं ओसाकात होते, स्वतः शाकाहारी, म्हणून सांगते. व्हेजिटेरियन हा शब्द विचारूच नकोस. "कात्सुओ दाशी हाइत्तेमासु का?" असं विचार, म्हणजे यात कात्सुओचं (बोनिटोचं) दाशी आहे का. आणि "साकाना नो दाशी मो दामे देसु", माशाचं दाशीही चालत नाही. काउंटरवर जपानी कळणारं कोणी नसेल तर इंग्रजीतही फिश ब्रॉथ असंच नाव घेऊन विचार.

फसवणारे पदार्थ आधी. इनारी सुशी दिसते साधी पण ती टोफूची पिशवी बहुधा दाशीत शिजवलेली असते. ओकोनोमियाकीत (कोबीचा जाड पोळा) अंडं असतं आणि बहुधा माशाची पापडीही, मग ती ओसाकाची सगळं एकत्र कालवलेली असो की हिरोशिमाची नूडल्सचे थर लावलेली. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) सोबतच्या सॉसच्या पुडीतही बऱ्याचदा मासा. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) डब्यावर "दाशी इरी", म्हणजे दाशी घातलेलं, असं असेल तर ठेवून दे.

आता चालणारे: काप्पामाकी (काकडीची सुशी), सेन्दाईकडचा झुन्दा मोची, म्हणजे कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण मोचीवर (चिकट तांदळाच्या गोळ्यावर), आईंना तो नक्की आवडेल. नागानोकडची ओयाकी (सारण भरलेली पिठाची गोल भाकरी) मिळाली तर गोड सारणाची किंवा भोपळ्याची घे, पालेभाजीच्या सारणात दाशी असू शकतं. दाइफुकु, म्हणजे मऊ तांदळाच्या पारीत लाल चवळीसारख्या आझुकीचं पुरण, उकडीचे मोदक करणाऱ्या हाताला ती पारी लगेच कळेल. योकान पण चालेल, ते कांतेनवर म्हणजे समुद्री शेवाळावर सेट होतं, फळांच्या जेलीत मात्र जिलेटिन (प्राण्यांपासूनचं) असू शकतं. तरी प्रत्येक लेबल वाच, अंड्यासाठी सुद्धा.

बाबांसाठी ताकोयाकी (पिठाचे गोळे) घे. ओसाकात 1935 पासूनचा पदार्थ, आत ऑक्टोपस, माकुल खाणाऱ्याला जड जाणार नाही.

आणि उदोन आईंना घरी करून दे. फ्रोझन उदोन आण, त्यात मैदा, मीठ, पाणी एवढंच (काहींत स्टार्च असतो). कोम्बू (सुकं समुद्री शेवाळ) आणि सुके शिताके (मशरूम) रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी मंद गरम कर, उकळी यायच्या आधी कोम्बू काढ, मग सोया सॉस आणि चिमूटभर साखर. मिरिन टाळ, त्यात दारू असते. बौद्ध मठांतल्या शोजिन जेवणाचं दाशी असंच असतं, त्यामुळे हे काही नकली नाही.

प्रतिसाद २

माझे वडील माळकरी. त्यांना एकदा लग्नात असंच झालं होतं. कळल्यावर ते आंघोळ करून आले, पांडुरंगाला हात जोडले, दोन तास हरिपाठ म्हणत बसले, आणि कोणाला एक शब्द बोलले नाहीत. पण आम्ही लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं तर ते आमच्या हातचं जेवले नसते असं मला वाटतं. सांगा. शनिवारच्या आधी सांगा.

धागाकर्ती

दोघींचे खूप आभार. काल रात्री सांगितलं. आई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, तू विचारलं होतंस ना, मग तुझ्याकडे दोष नाही. आज त्यांनी उपास धरलाय. संध्याकाळी स्वतःच विचारलं की ते समुद्राचं शेवाळ कुठे मिळतं. कोम्बू घ्यायलाही शनिवारी तिथेच जातोय, त्या आत लेबलं माझ्याकडून वाचून घेणार आहेत.

एकच राहिलं, नुसतं सान्शो वेगळं मिळतं का, शिचिमीत नको? बाबांना तिखल्यात घालून बघायचंय.